कारखान्याच्या सांडपाण्यावरील कर व कामगारांचें वेतन

साखर कारखान्याच्या खालच्या अंगास ज्यांच्या विहिरी आहेत त्या आमच्या वाचकांस सांडपाण्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. गळिताचा हंगाम सुरू होऊन महिना उलटला कीं ओढ्याचा रंग बदलतो, विहिरीच्या पाण्यास वास येऊं लागतो आणि गांवांत तक्रारअर्जांची भाषा सुरू होते. अशा वेळीं बहुधा दोनच उपाय सुचविले जातात. कोणी म्हणतो, कारखान्यावर कर बसवा. कोणी म्हणतो, कारखान्यास पैसे द्या म्हणजे तो शुद्धीकरणाचीं यंत्रें बसवील. हे दोन्ही उपाय आपल्या देशांत करून पाहिलेले आहेत. परंतु हा कर शेवटीं कोणाच्या खिशांतून जातो व तें अनुदान शेवटीं कोणाच्या पदरांत पडतें, या प्रश्नाची चर्चा आमच्या पाहण्यांत फारशी आलेली नाहीं. ज्या धंद्यांत कामगार संघटित आहेत, आणि कच्च्या मालाचा भावही कायद्यानें बांधलेला आहे, तेथें या प्रश्नाचें उत्तर वरवर दिसतें तसें नसतें. सहकारी कारखान्याचा मालक शेतकरी, त्यास ऊस घालणारा शेतकरी आणि त्याच कारखान्याच्या खालचें पाणी पिणाराही शेतकरीच, असा हा तिहेरी संबंध असल्यामुळें इतर कोणीं नाहीं तरी त्यानें या गोष्टीचा विचार केला पाहिजे.

करानें प्रदूषण आंवरतां येतें ही कल्पना केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडली. जो दुसऱ्याच्या पाण्याची वा हवेची खराबी करतो त्याच्याकडून त्या खराबीची किंमत वसूल करावी, म्हणजे खराबी कमी करणें त्यालाच स्वस्त पडूं लागेल, असा तिचा मथितार्थ आहे. आपल्याकडे जलप्रदूषणाच्या नियंत्रणाचा मूळ कायदा १९७४ चा. त्या कायद्यानें स्थापन झालेल्या मंडळांस खर्चासाठीं पैसा हवा म्हणून १९७७ सालीं उपकराचा दुसरा कायदा करण्यांत आला. कारखाने व नगरपालिका जितकें पाणी वापरतील तितक्यावर तो उपकर आकारला जाई, आणि त्याचा दर हजार लिटरमागें रुपयांत नव्हे, पैशांत मोजावा इतका हलका होता. सांडपाणी शुद्ध करण्याची योग्य व्यवस्था करणाऱ्यास १९९१ च्या दुरुस्तीनंतर त्यांत शेंकडा २५ सूट मिळे. येथें सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, हा कर वापरलेल्या पाण्यावर होता, सोडलेल्या घाणीवर नव्हता. आणि सूट मिळविण्यासाठीं यंत्रें बसविण्यापेक्षां पुरा कर भरून मोकळें होणें कोणत्याही व्यवस्थापकास सोयीचेंच वाटलें असतें.

साखरेच्या धंद्याची गोष्ट तर आणखीच गमतीची आहे. १९७७ च्या कायद्याला जी धंद्यांची यादी जोडलेली होती तींत ‘प्राणिज अथवा वनस्पतिजन्य पदार्थांवर प्रक्रिया’ असें एक सदर होतें. त्या सदराखालीं साखर कारखाना येतो कीं नाहीं, म्हणजे इंग्रजी कायद्याच्या भाषेंत ऊस हा ‘व्हेजिटेबल’ आहे कीं नाहीं, याचा काथ्याकूट हरियाणांतील सरस्वती शुगर मिल्सच्या खटल्यांत झाला, आणि १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें साखर कारखाना या सदरांत येत नाहीं असा निर्णय दिला. पुढें २००३ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन पाणी वापरणारा जवळजवळ प्रत्येक धंदा त्याच्या कक्षेंत आला. पण १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला, त्या सुमारास अनेक लहानमोठे उपकर रद्द करण्यांत आले, व त्यांतच पाण्यावरील हा उपकरही गेला. म्हणजे निर्विवादपणें साखर कारखान्यांवर तो उणापुरा चौदा वर्षें होता. जातांना त्याच्यासाठीं कोणीं अश्रू ढाळल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

कर गेल्यावर उरलें तें एक बोथट शस्त्र. १९७४ च्या कायद्यांत १९८८ सालीं घातलेल्या ३३-अ या कलमानें मंडळास कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज व पाणी तोडविण्याचा अधिकार आहे. त्याच्या जोडीला ‘पर्यावरणीय भरपाई’ या नांवानें जी रक्कम आतां आकारली जाते, तिचें केंद्रीय मंडळानें ठरविलेलें सूत्र नियमभंगाचे दिवस, धंद्याचा वर्ग, कारखान्याचा आकार व त्याची जागा यांवर चालतें. किती घाण पाण्यांत गेली याचें त्यांत थेट मोजमाप नाहीं. ही भरपाई दंडाच्या स्वरूपाची आहे, आणि खरा धाक टाळेबंदीचाच राहतो.

आतां हा धाक कोणास अधिक वाटतो तें पाहावें. कारखाना बंद पडला तर ऊस दुसऱ्या कारखान्याकडे नेतां येतो. लांबचें भाडें पडेल, तोड उशीरां मिळेल, वजन घटेल, पण ऊस जातो. कामगार मात्र कोठें जाणार? पुण्याच्या अगदीं जवळ, हवेली तालुक्यांत थेऊर येथील यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला. तो प्रदूषणाच्या कारणानें बंद पडला नाहीं, त्याचीं कारणें आर्थिक होतीं; परंतु कारखाना बंद झाल्यावर त्या भागांतील ऊस इतर कारखान्यांच्या वाटेला लागला आणि कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षें रेंगाळला, ही गोष्ट सर्वांच्या समोर आहे. म्हणून मंडळाची नोटीस आली कीं कामगार संघटना मालकाच्या शेजारीं उभी राहून ‘कारखाना चालू ठेवा’ असेंच म्हणणार, आणि त्यांत आम्ही तिला दोष देत नाहीं. ज्या संघटनेनें एरवीं शुद्धीकरणाच्या बाजूनें बोलावें, कारण सांडपाण्याच्या टाक्यांवर व बॉयलरच्या राखेंत तिचेच सभासद राबतात, तिला हलका कर व जड टाळेबंदी यांच्या कात्रींत आपण मुकी केली आहे.

समजा, उद्यां खराबीच्या मोजमापावर खराखुरा कर बसला आणि पांच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यास तो टनामागें दहा रुपये पडला. पन्नास लाख रुपये झाले. ते येणार कोठून? उसाचा रास्त व किफायतशीर दर, ज्यास आपण सारे एफ्. आर्. पी. म्हणतों, तो केंद्र सरकार ठरवितें. २०२५-२६ च्या हंगामास १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागें ३,५५० रुपये असा तो ठरला. तो चौदा दिवसांत न दिल्यास शेंकडा १५ व्याज द्यावें लागतें. महाराष्ट्रांत त्यांतून तोडणी व वाहतूक वजा होते हें खरें, पण मूळ दरास हात लावतां येत नाहीं. कामगारांचें वेतनही असेंच बांधलेलें आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानें या धंद्यांतील संघटनांस प्रतिनिधि म्हणून वाटाघाटींचा हक्क दिला, १९५७ सालीं साखर धंद्यासाठीं पहिलें केंद्रीय वेतन मंडळ नेमलें गेलें, आणि पुढें महाराष्ट्रांत राज्य सरकार, कारखाने व संघटना यांच्या त्रिपक्ष समितींत पांच-पांच वर्षांचे करार होऊं लागले. साखरेचा भाव तर बाजार ठरवितो. सरकारनें २०१८ सालीं किलोस २९ रुपये व २०१९ सालीं ३१ रुपये असा नीचतम विक्रीदर ठरविला, तो खालची पायरी म्हणून. त्याच्यावर भाव चढविणें कारखान्याच्या हातीं नाहीं.

तेव्हां सर्व बाजूंनीं भिंती असलेल्या या खोलींत पन्नास लाखांचा भार कोठें तरी पडणारच. आमच्या मतें तो दोन ठिकाणीं पडेल. जे कारखाने एफ्. आर्. पी. च्या वर दुसरा हप्ता देतात तेथें तो त्या हप्त्यांतून, म्हणजे शेतकऱ्याच्या पदरांतून जाईल. जे कारखाने एफ्. आर्. पी. देतां देतांच धापा टाकतात तेथें तो कामगारांच्या थकलेल्या पगारांत, भविष्यनिर्वाह निधीच्या न भरलेल्या रकमेंत आणि नव्या कराराच्या दिरंगाईंत दिसेल. १ एप्रिल २०१९ पासून लागू व्हावयाचा करार २०२१ सालीं झाला, व त्यांत शेंकडा १२ वाढ मिळाली. करार दोन वर्षें लांबला तर फरकाची रक्कम पुढें मिळते, परंतु त्या काळांतील महागाई ज्यानें सोसली त्यानें सोसली. संघटना बळकट असली म्हणजे ती करांतील आपला वांटा नाकारूं शकते. नाकारलेला वांटा नाहींसा होत नाहीं, तो शेजाऱ्याच्या अंगावर सरकतो.

आणि ज्याला बसावयास खुर्चीच नाहीं त्याच्या अंगावर तो सर्वांत आधीं सरकतो. ऊसतोड कामगार कारखान्याचा नोकर समजला जात नाहीं, तो मुकादमाचा समजला जातो. त्यांच्या संघटनांशीं जानेवारी २०२४ मध्यें जो समझोता झाला त्यानें तोडणीच्या दरांत शेंकडा ३४ वाढ मिळाली, हें चांगलेंच झालें. पण ही वाढ वेतन करारांतून आली नाहीं, संपाच्या धाकानें आली. तोडणीचा दर वाढला कीं तो शेतकऱ्याच्या एफ्. आर्. पी. तूनच वजा होतो हेंही विसरतां येत नाहीं.

हा भार सरकण्याचा विषय केवळ तर्काचा नव्हे. २०२५ च्या हंगामापूर्वीं राज्याच्या मंत्रिसमितीनें कारखान्यांकडून टनामागें पंधरा रुपये घेण्याचें ठरविलें. त्यांपैकीं दहा मुख्यमंत्री साहाय्यता निधीस व पांच पूरग्रस्त शेतकऱ्यांस. त्यावर लगेच गदारोळ उठला. शेतकरी संघटना म्हणाल्या, हे आमच्याच उसाचे पैसे. सरकार म्हणालें, हे शेतकऱ्यांचे नव्हेत, कारखान्यांनीं आपल्या नफ्यांतून द्यावयाचे आहेत. हा कांहीं प्रदूषणाचा कर नव्हता, तरी प्रश्न तोच होता. सहकारी कारखान्याचा नफा म्हणजे अखेर कोणाचा नफा, हें एकदां सांगितलें गेलें असतें तर वाद इतका वाढता ना.

कराची ही कथा. अनुदानाची याहून निराळी नाहीं. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ सालीं सुरू झाले तेव्हां मिरज व मनमाड हीं दोन ठिकाणें त्यांत होतीं. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत शेंकडा पांच मिश्रण सुरू झालें. खरा वेग आला तो २०१८ नंतर. त्या वर्षीं जैवइंधनाच्या धोरणानें उसाचा रस व साखर अंशतः काढलेली मळी यांपासून इथेनॉल करण्यास मोकळीक दिली, इंधनांत मिसळावयाच्या इथेनॉलवरील वस्तु व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आणला, आणि आसवनी उभारण्यास वा वाढविण्यास घेतलेल्या कर्जाच्या व्याजापैकीं दरसाल शेंकडा सहा, किंवा निम्मा व्याजदर, यांतील जें कमी तें पांच वर्षें सरकारनें सोसण्याचें ठरविलें. धुराच्या पेट्रोलऐवजीं शेतांतलें इंधन, अशी या अनुदानाची पर्यावरणाची बाजू. परंतु एक लिटर अल्कोहोलमागें आठ ते पंधरा लिटर काळें, आंबट, दुर्गंधियुक्त सांडपाणी निघतें, ही त्याची दुसरी बाजू. आणि ती शहरांतील मोटारवाल्यास दिसत नाहीं.

अनुदान कारखान्याच्या दारांत आलें कीं तिघेही हात पुढें करतात. शेतकरी म्हणतो, रस इथेनॉलला गेल्यानें साखर उतारा घटतो, माझा दर उताऱ्यावर आहे, मला भरपाई हवी. ही तक्रार रास्त होती, म्हणूनच मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून घट प्रमाणित करून ती उताऱ्यांत मिळविण्याची पद्धत पडली. कामगार म्हणतो, नवी आसवनी माझ्या श्रमावर चालते, करारांत त्याचा विचार करा. संचालक म्हणतात, आधीं बँकेचा हप्ता. तिघांपैकीं कोणाचेंही म्हणणें खोटें नाहीं. मात्र व्याजाची सवलत थेट बँकेच्या खात्यांत जमा होते, तेव्हां ती कोठें मुरली हें इतर दोघांस अहवालावरूनही चटकन् कळत नाहीं.

येथें एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. आसवनीचें सांडपाणी कारखान्याबाहेर एक थेंबही सोडूं नये असें बंधन आहे. तें पाळण्याच्या दोन वाटा आहेत. गाळण्यांतून निघालेल्या प्रेसमडवर तें शिंपून कंपोस्ट करणें ही एक. परंतु पावसाळ्यांत कंपोस्टचें आवार वाहून जाण्याची भीति असल्यामुळें अशा आसवनीस वर्षांतून २७० दिवसच चालविण्याची मुभा मिळते. दुसरी वाट महाग आहे. सांडपाणी आटवून घट्ट करावयाचें व तें बगॅस किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्यें जाळावयाचें. या वाटेनें आसवनी पावसाळ्यांतही चालते, वाफ व वीज मिळते आणि राखेंत उसानें जमिनींतून उचललेलें पोटॅश परत हातीं येतें.

म्हणजे जें यंत्र पाणी वांचवितें तेंच कामाचे दिवस वाढवितें! हंगामी कामगारास गळीत संपल्यावर घरीं बसून जो भत्ता मिळतो तो तुटपुंजा असतो. त्याला आणखी दोन-तीन महिने काम मिळालें तर त्याची किंमत वेतनवाढीच्या टक्क्यांत मोजली जात नाहीं, पण घरांत कळते. कामगार संघटनांनीं करारांत केवळ टक्के मागण्याऐवजीं, सरकारी मदतीनें वाढलेल्या दिवसांवर आधीं हंगामी माणसांचा हक्क, ठेकेदाराच्या माणसांचा नंतर, अशी अट घालून घेतली असती तर प्रदूषणनिवारणाचें यंत्र हें त्यांचेंही यंत्र झालें असतें. आमच्या मतें ही मागणी अद्यापि उशीरा झालेली नाहीं.

राखेचीही एक हकीकत आहे. तिच्यांत सुमारें साडेचौदा टक्के पोटॅश असलेलें खत तयार होतें. आपला देश पोटॅश बाहेरून आणतो हें लक्षांत घेऊन सरकारनें २०२१ सालीं त्यास खतांच्या अनुदानांत घेतलें. तेव्हां पन्नास किलोच्या पोत्यास ७३ रुपये अनुदान ठरलें. जानेवारी २०२४ मध्यें खत कंपन्यांनीं कारखान्यांस टनास ४,२६३ रुपये द्यावे असा दर उभयपक्षीं ठरला, त्या वेळीं अनुदान टनास ३४५ रुपयांवर आलें होतें. पोत्याचा हिशेब केल्यास ७३ रुपयांचे सव्वासतरा रुपये झाले. ज्यानें पहिल्या आंकड्यावर भरंवसा ठेवून यंत्र मागविलें त्याची काय अवस्था झाली असेल, त्याचा विचार वाचकांनींच करावा.

अनुदानाची ही चंचलता आम्हांस सर्वांत मोठा दोष वाटतो. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीति वाटली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजीं हंगाम ऐन भरांत असतां रसापासून इथेनॉल करण्यास बंदी आली. आठवड्याभरांत ती कांहींशी सैल करण्यांत आली, व ऑगस्ट २०२४ अखेर पुढील वर्षापुरती उठली. साखर खाणाऱ्याचें हित पाहणें सरकारचें काम आहे, त्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु वेतनाचा करार पांच वर्षांचा, कर्जाची फेड त्याहून लांब, आणि ज्या धोरणावर दोन्ही टेकलेलीं तें एका सायंकाळीं बदलतें, असें झालें म्हणजे ताण सर्वांत लवचिक जागीं जातो. ती जागा कोणती हें वर सांगितलेंच आहे. पुढें मार्च २०२५ मध्यें सहकारी कारखान्यांच्या आसवनींना मका व खराब धान्य वापरतां यावें यासाठीं निराळी व्याजसवलत निघाली. वर्षभर काम मिळण्याच्या दृष्टीनें ती बरी, पण मक्याच्या बाजारावर तिचा परिणाम कसा होतो हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

परदेशांत या अडचणीवर कांहीं तोडगे निघाले आहेत. स्वीडनमध्यें १९९२ सालीं मोठ्या बॉयलरांच्या धुरांतील नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर भारी कर बसला. पण जमलेली रक्कम सरकारनें ठेवून न घेतां, ज्यानें जितकी उपयुक्त ऊर्जा निर्माण केली त्या प्रमाणांत त्याच कारखान्यांस परत वांटली. जो सरासरीहून अधिक घाण करतो तो देतो, कमी करतो तो घेतो. धंद्याच्या बाहेर पैसा जात नाहीं, त्यामुळें कामगारांवर गदा येण्याचें कारण राहिलें नाहीं, आणि दर युनिट ऊर्जेमागील खराबी थोड्याच वर्षांत पुष्कळ घटली. जर्मनीनें १९९९ पासून इंधन व विजेवर वाढीव कर घेऊन त्यांतला मोठा भाग मालक व कामगार यांच्या निवृत्तिवेतनाच्या वर्गण्या कमी करण्याकडे वळविला. त्याच देशांत कोळशाच्या खाणी व वीजगृहें बंद करण्याचा विचार २०१८ सालीं सुरू झाला तेव्हां जो आयोग नेमला त्यांत कामगार संघटनांचे प्रतिनिधि पहिल्यापासून बसविले होते, आणि २०२० च्या कायद्यांत वयस्क कामगारांच्या निर्वाहाची तरतूद झाली.

आपल्याकडे स्वीडनची रीत साखर धंद्यास चांगली लागू पडेल असें आम्हांस वाटतें. सांडपाण्यांतील घाणीचें मोजमाप आतां अशक्य राहिलेलें नाहीं. मोठ्या आसवनींवर सतत मोजणारीं यंत्रें बसविण्याचें बंधन आहेच. त्या मोजमापावर कर घ्यावा, व जमलेली सर्व रक्कम गाळलेल्या उसाच्या टनावारीनें कारखान्यांस परत द्यावी. परताव्यांतील एक ठराविक हिस्सा ज्या ओढ्यांवर व विहिरींवर खराबी झाली त्यांच्या दुरुस्तीस, एक हिस्सा उसाच्या दरास व एक हिस्सा हंगामी कामगारांच्या वाढीव दिवसांस, असें वाटप कायद्यांतच लिहून टाकावें, म्हणजे दर वर्षीं ओढाताण होणार नाहीं. हें ठरविण्याची जागा पुण्यांतच आहे. शिवाजीनगरच्या साखर संकुलांत साखर आयुक्तांचें कार्यालय आहे. तेथें दर ठरविण्याच्या बैठकींस शेतकरी येतात, वेतनाच्या बैठकींस कामगार येतात, आणि प्रदूषण मंडळ यांपैकीं एकाही बैठकीचा सभासद नसतें. (पुण्याचें मैलापाणी मुळा-मुठेंतून खालीं दौंड-इंदापुराकडे जातें, त्याचा कर कोणीं भरावा हेंही त्या निमित्तानें विचारतां आलें तर बरें.)

तूर्त एक लहान काम सभासदांस करतां येण्याजोगें आहे. सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. त्या सभेपुढील अहवालांत चार आंकडे लेखी मागावे : व्याजसवलतीची वर्षांत मिळालेली रक्कम, प्रदूषण मंडळास भरलेली भरपाई व ती कोणत्या खर्चाच्या सदरीं घातली, राखेपासून झालेलें पोटॅश खत किती टन व तें कोणास विकलें, आणि आसवनी चालली ते दिवस, व त्यांपैकीं किती दिवस हंगामी कामगारांस काम मिळालें. ज्या सभासदांस हे आंकडे मिळतील त्यांनीं ते आमच्याकडे पाठविल्यास पुढील अंकांत ते कारखानावार छापण्याची व्यवस्था करूं.